पोप लिओ यांचा तुर्कस्तान–लेबनॉन दौरा आणि आपल्यापर्यंत पोहोचलेल्या बातम्या

गंगथडीकर (वैजापूर)

पोप लिओ चौदावे यांचा पहिला परदेश दौरा २७ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०२५ या काळात तुर्कस्तान आणि लेबनॉन या दोन देशांत झाला. त्याविषयी आपल्या भागात जे छापून आले, जे वाहिन्यांवर दिसले आणि जे मोबाइलवर फिरले, त्यावर कॅथलिक वाचकांनी आणि इतरांनीही शांतपणे लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

या दौऱ्याचे मुख्य कारण होते नायसियाच्या धर्मपरिषदेची १७०० वर्षे. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पुढाकाराने ही परिषद भरली आणि आज आपण रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, जो विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणतो, त्याचा पाया तिथे घातला गेला. ते नायसिया म्हणजे आजचे इझनिक. २८ नोव्हेंबरला पोप आणि कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रमुख, बार्थोलोम्यू यांनी तिथल्या तळ्याकाठी, एका प्राचीन बॅसिलिकेच्या (चर्चच्या) अवशेषांपाशी एकत्र प्रार्थना केली. नाथसागराचे पाणी ओसरले की बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, तसेच इझनिकच्या तळ्यात झाले आहे. २०१४ मध्ये हवाई छायाचित्रांत ही वास्तू स्पष्ट दिसली आणि पाणी मागे हटत गेले तशी ती उघडी पडत गेली. बातमी म्हणून यापेक्षा अधिक काय हवे होते, हे मला खरोखर उमगत नाही.

आमच्याकडे मात्र पोहोचली ती २९ तारखेची इस्तंबूलच्या निळ्या मशिदीची दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत. दुसऱ्या दिवशी नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली चारपाच जण मोबाइलवर वाकून तीच चित्रफीत पाहत होते. एकाच्या मोबाइलवर तिच्याखाली लिहिले होते, ‘पोपने मशिदीत प्रार्थनेला नकार दिला’. दुसऱ्याच्या मोबाइलवर, ‘पोप मशिदीपुढे झुकले’. दृश्य एकच, पोप पांढऱ्या मोज्यांत गालिच्यावरून चालताहेत, एवढेच. त्यातले दोघे मशिदीवरून वाद घालू लागले आणि इझनिकचे नाव कोणाच्याही तोंडी आले नाही.

पोपनी पादत्राणे काढली याचे परदेशी वार्ताहरांना एवढे अप्रूप का वाटावे, हेही मला कळले नाही. आमच्या खेड्यांतल्या कितीतरी चर्चमध्ये चपला दाराबाहेरच असतात.

गोदाकाठचा (नांदेड)

गंगथडीकर सर, आपण फार सौम्य लिहिता. माध्यमांना ख्रिस्तसभेविषयी आकस आहे, हे एकदा स्पष्ट म्हणायला काय हरकत आहे? पोप आफ्रिकेत गेले, ब्रिटनमध्ये गेले, आशियात आले, दरवेळी दौऱ्यातली एखादी अडचणीची गोष्ट शोधायची आणि बाकी सर्व टाकून द्यायचे, हा यांचा शिरस्ता आहे. मार्च २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट कॅमेरून आणि अंगोलाला गेले. विमानात कोणी एड्स आणि निरोधाविषयी प्रश्न विचारला, त्यांनी उत्तर दिले आणि पुढचा सारा दौरा त्या एका उत्तराखाली गाडला गेला.

मशिदीच्या बाबतीत माझे मत विचाराल, तर पोपनी तिथे प्रार्थना केली नाही याचे मला समाधान वाटले. आदर दाखवणे आणि उपासना करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी पाहुण्याप्रमाणे वास्तू पाहिली, यजमानांचा मान राखला आणि तेवढ्यावर थांबले. यात अपमान कोणाचा झाला?

डाकआवृत्ती (छत्रपती संभाजीनगर)

मी कॅथलिक नाही. मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत देश-विदेशच्या पानावर उपसंपादक म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून आकसाच्या आरोपाविषयी लिहितो.

जिल्ह्यांना जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते, कारण गाडीला बीड, परभणी, हिंगोलीपर्यंतचे अंतर कापायचे असते. तुर्कस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मशिदीची भेट तिथल्या सकाळी झाली, म्हणजे आपल्याकडे दुपार व्हायच्या सुमारास वृत्तसंस्थेची पहिली कॉपी आली आणि दिवसभर तिच्यात भर पडत राहिली. छायाचित्रे आली, इमामांचे म्हणणे आले, व्हॅटिकनचा खुलासा आला. इझनिकची प्रार्थना तिथल्या दुपारी उशिरा झाली. तिची पूर्ण बातमी हाती येईपर्यंत आपल्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असते, आणि विदेशाच्या अर्ध्या पानावर तोवर गाझा, युक्रेन आणि क्रिकेट मांडून झालेले असते. उरलेल्या जागेत दोन परिच्छेद बसतात. त्या दोन परिच्छेदांत चौथ्या शतकातली धर्मपरिषद समजावून सांगायची म्हणजे आधी ती उपसंपादकाला माहीत असायला हवी.

दुसरी गोष्ट अशी की मशिदीची बातमी माध्यमांनी हवेतून काढली नव्हती. मशिदीत पोप थोडा वेळ मौन प्रार्थना करतील, असे व्हॅटिकननेच आधी कळवले होते. ती झाली नाही. आपण पोपना प्रार्थनेसाठी सुचवले होते आणि त्यांनी नको म्हटले, असे तिथल्या इमामांनी पत्रकारांना सांगितले. नंतर व्हॅटिकनने कळवले की पोपनी ही भेट शांतपणे, चिंतनाच्या आणि ऐकून घेण्याच्या वृत्तीने, त्या स्थळाविषयी आदर बाळगून अनुभवली. आणि आधीच्या पत्रकातला मौन प्रार्थनेचा उल्लेख वगळून सुधारित पत्रक काढले, त्याचे कारण मात्र दिले नाही. आता सांगा, यजमान एक सांगतो, पाहुण्याचे कार्यालय दुसरे सांगते आणि पत्रक गुपचूप बदलले जाते, ही बातमी जगातला कोणता वार्ताहर सोडून देईल? गोदाकाठच्या आमच्या मित्रांनी यात आकस शोधण्याआधी व्हॅटिकनच्या वृत्त कार्यालयाला दोन प्रश्न विचारायला हवेत.

मोबाइलवरच्या ओळींविषयी मी काही बोलत नाही. तिथे उपसंपादक नसतो.

इतिहासवाली (लातूर)

महाविद्यालयात इतिहास शिकवते. पोप आणि इस्तंबूलची प्रार्थनास्थळे हा विषय वृत्तपत्रांना नवा नाही, एवढे दाखवण्यापुरते लिहिते.

जुलै १९६७ मध्ये पोप पॉल सहावे हागिया सोफियात गेले. ती वास्तू तेव्हा संग्रहालय होती. त्यांनी तिथे गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तुर्कस्तानात मोठा गदारोळ झाला. चर्चची मशीद आणि मशिदीचे संग्रहालय झालेल्या जागी पोपने गुडघे टेकणे म्हणजे हक्क सांगणे, असा त्याचा अर्थ लावला गेला. मे २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे दमास्कसच्या उमय्याद मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत. १२ सप्टेंबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट यांचे जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचे व्याख्यान झाले. त्यात त्यांनी उद्धृत केलेल्या एका बायझंटाइन सम्राटाच्या इस्लामविषयीच्या वाक्यामुळे मुस्लिम देशांत संताप उसळला, आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी ते तुर्कस्तानात उतरले. हागिया सोफियात त्यांनी प्रार्थनेचा कोणताही आविर्भाव होऊ दिला नाही. निळ्या मशिदीत मात्र ते मुफ्तींच्या शेजारी काही क्षण स्तब्ध उभे राहिले, आणि त्या क्षणांनी रेगेन्सबर्गनंतरचे वातावरण बरेचसे निवळले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच मशिदीत मुफ्तींसोबत मौन उभे राहिले.

म्हणजे १९६७ मध्ये प्रार्थना केली म्हणून बातमी झाली, २००६ मध्ये उभे राहिले म्हणून झाली आणि २०२५ मध्ये उभे राहिले नाहीत म्हणून झाली. वाचक या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहत नाही, कारण बातमी देणारा त्या तशा ठेवत नाही. माझी तक्रार आकसाची नाही, आधीचे संदर्भ गाळले जाण्याची आहे. हागिया सोफिया जुलै २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली आणि या दौऱ्यात पोप तिकडे गेलेच नाहीत. त्यांनी जिथे पाऊल ठेवले नाही, त्या जागेवर मला चार ओळी वाचायला आवडल्या असत्या.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीला आले, आशियातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजावर त्यांनी तिथे स्वाक्षरी केली आणि ऐन दिवाळीच्या दिवशी जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये मिस्सा अर्पण केली. दौऱ्याच्या आधीपासून शेवटपर्यंत चर्चा धर्मांतराभोवती फिरत राहिली. पण तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक येईल, असे त्या दौऱ्यात पोप स्वतःच म्हणाले होते. ते वाक्य वृत्तपत्रांनी रचलेले नव्हते.

खुलताबादकर

हा धागा पाहून लिहावेसे वाटले. मी मुसलमान आहे आणि आमच्या गावात दर्ग्यांवर येणाऱ्या माणसांची जात-धर्म विचारण्याची पद्धत नाही. कोणी फूल वाहतो, कोणी नुसता उंबऱ्याशी बसतो, कोणी बांधकाम पाहून निघून जातो. पोपनी नमाजाच्या जागेत आपली प्रार्थना केली नाही, यात आम्हांला काही गैर वाटले नाही. खरे सांगायचे तर आमच्या ओळखीत कोणी या गोष्टीचा विचारही केला नव्हता. ‘नकार दिला’ ही ओळ एका ख्रिस्ती मित्राने पाठवली, ‘हे खरे आहे का’ असे विचारत. नाराज व्हायचे असते हे आम्हांला त्या ओळीने सांगितले.

इमामसाहेबांनी पत्रकारांना जे सांगितले, तेही मला तक्रारीचे वाटले नाही. हे अल्लाहचे घर आहे, हवे असल्यास इबादत करा, असे त्यांनी सुचवले. घरी आलेल्याला चहा विचारावा आणि त्याने नको म्हणावे, यात कोणाचा मान जातो?

बेथेलचा (जालना)

आम्ही प्रोटेस्टंट. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामी राजवटीत जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलशी आमच्या घराण्याचा संबंध आहे. पोपच्या दौऱ्याशी आमचे काही देणेघेणे नाही, असे आमच्या मंडळीत अनेकांना वाटते आणि त्याला बातम्याही जबाबदार आहेत. ‘पोप’ म्हटले की ती कॅथलिकांची घरगुती बातमी ठरते. वास्तविक नायसियाचा मतांगीकार, म्हणजे वर म्हटलेला विश्वासांगीकारच, आमच्याही उपासनेत म्हटला जातो. सतराशे वर्षांपूर्वी जे ठरले, ते ख्रिस्ती पंथांतल्या फुटीच्या आधीचे आहे, म्हणजे सर्वांचे आहे. इझनिकला विविध पंथांचे धर्मपुढारी एकत्र उभे राहिले, त्याचे कारणच ते होते. हे आमच्या पाळकांनी उपदेशात सांगितले तेव्हा कळले, वर्तमानपत्रातून कळले नाही.

गोदाकाठचा (नांदेड)

डाकआवृत्ती साहेब, पत्रक बदलल्याची माहिती मला नवी आहे आणि ती महत्त्वाची आहे, हे मान्य. तरीही माझा मुद्दा उरतोच. विमानात अमेरिकन पत्रकारांनी पोपना भोपळ्याचा ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ आणि बेसबॉलची बॅट दिली, कारण त्या दिवशी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण होता, ही बातमी मी तीन ठिकाणी पाहिली. तिला वेळेची आणि जागेची अडचण आली नाही. बैरूतच्या समुद्रकिनाऱ्यावर मिस्सेला जमलेल्या सुमारे दीड लाख लोकांची बातमी मला शोधून काढावी लागली.

वॉर्ड नंबर सहा (बीड)

रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. २ डिसेंबरला, लेबनॉन सोडण्याच्या दिवशी, पोप आधी जल एद-दिब इथल्या ‘दे ला क्रुआ’ या मनोरुग्णालयात गेले. हे रुग्णालय धर्मभगिनी चालवतात. मानसिक आजाराच्या रुग्णांना घरचेही सोडून जातात, हे आम्ही रोज पाहतो. पोप त्यांच्यात गेले, हे मला मशिदीइतकेच मोठे वाटते. त्यानंतर ते बैरूतच्या बंदरावर गेले, जिथे ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे मेली आणि ज्यांच्या नातेवाइकांना अजून न्याय मिळालेला नाही. मृतांची छायाचित्रे हातात धरून उभ्या असलेल्या नातेवाइकांना ते भेटले. यातले मराठीत मी काहीच वाचले नाही. आमच्या एका सिस्टरने इंग्रजीतून वाचून सांगितले.

तेरणाकाठ (धाराशिव)

मंडळींनी परदेशाचे दाखले दिले, मी आपल्या दारातला देतो. जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक. निवड जाहीर झाल्यापासून संमेलनाचा मांडव उठेपर्यंत बातम्या कशाच्या आल्या, हे आठवून पाहा. विरोधाच्या, धमक्यांच्या फोनच्या, पोलीस बंदोबस्ताच्या. पाठदुखीने त्रस्त असलेला तो माणूस मराठी भाषेविषयी, पर्यावरणाविषयी आणि माणुसकीविषयी काय मांडतो आहे, हे ऐकायला मांडवात गर्दी होती. मांडवाबाहेरच्या वाचकाला मात्र ते थोडेच मिळाले. जुलै २०२४ मध्ये फादर गेले, तेव्हाच्या मृत्युलेखांतही तो वाद पहिल्या काही ओळींतच आला.

इथे कोणाचा आकस होता असे मी म्हणत नाही. धर्मगुरूचा झगा दिसला की बातमीदाराला धर्माचाच प्रश्न सुचतो. दिब्रिटोंना साहित्याविषयी विचारावे, पोपना इतिहासाविषयी विचारावे, हे सुचायला थोडी तयारी लागते. ती तयारी मराठी माध्यमांत नाही आणि ती करून घ्यावी असे कॅथलिक समाजालाही फारसे वाटलेले नाही, असे मला बाहेरून दिसते. चूक असल्यास सांगावे.

गंगथडीकर (वैजापूर)

तेरणाकाठ, आपले निरीक्षण झोंबणारे आहे, पण ते खोडून काढता येत नाही. ‘निरोप्या’ १९०३ पासून निघतो, ‘सुवार्ता’ आहे, आमच्या घोगरगावासारख्या जुन्या मिशनच्या गावांत तर ही मासिके घरात वाचली जातात. पण ती मासिके आहेत. दौरा डिसेंबरच्या दुसऱ्या तारखेला संपतो आणि लेख हातात पडतो तोवर नाताळची धांदल सुरू झालेली असते. मधल्या दिवसांत आमच्या लोकांपर्यंत जे येते, ते कोणीतरी अनोळखी माणसाने लिहिलेल्या एका ओळीसह येते.

पोपची भाषणे व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी अनेक भाषांत येतात. पेट्रिआर्कसमोर ते काय बोलले, बंदरावरच्या नातेवाइकांना भेटून पुढे काय म्हणाले, सर्व तिथे आहे. मराठीत मात्र नाही. २३ नोव्हेंबरला, दौऱ्याच्या चार दिवस आधी, नायसियाविषयी पोपचे एक प्रेषितीय पत्रही प्रसिद्ध झाले होते. ते आमच्या धर्मग्रामातल्या किती जणांना माहीत होते? औरंगाबाद धर्मप्रांतात इंग्रजी उत्तम जाणणारे फादर, सिस्टर, शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी चौघांनी ठरवले तर दौऱ्याच्या काळात रोज एक पान मराठी मजकूर तयार करणे अवघड नाही. पोप फ्रान्सिसना भारतभेटीचे निमंत्रण २०२१ मध्ये गेले होते, ती भेट झाली नाही. उद्या पोप लिओ आलेच, तर १९९९ सारखी चर्चा पुन्हा होईल आणि तेव्हा तयारी करायला वेळ मिळणार नाही.

गोदाकाठचे मित्र म्हणतात तो आकस काही ठिकाणी असेलही. पण आमच्या आवारात त्या रविवारी जो वाद झाला, त्यातल्या दोघांना इझनिक ठाऊक असते, तर त्यांनी चित्रफितीखालची ओळ इतकी मनावर घेतली नसती, असे मला वाटते.

डाकआवृत्ती, आपणांस थेट विचारतो. असा मजकूर आम्ही दैनिकाकडे पाठवला, तर तो छापला जाईल का, आणि तो कसा असावा?

डाकआवृत्ती (छत्रपती संभाजीनगर)

छापला जाण्याची हमी कोणी देणार नाही, पण उपयोग नक्की होतो. रात्री कॉपी हाती आली की उपसंपादक संदर्भ शोधतो, आणि समोर तयार मराठी मजकूर असेल तर चौकट त्यातूनच होते.

काही गोष्टी पाळा. दौरा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पार्श्वभूमीचे एक टिपण पाठवा: कुठे जाणार, का जाणार, त्या जागेचा इतिहास काय, आधीचे पोप तिथे गेले तेव्हा काय घडले. लातूरच्या मॅडमनी वर जे लिहिले आहे, तसे. दौऱ्याच्या दिवसांतला मजकूर संध्याकाळी सातच्या आत पोहोचावा आणि दोनशे ते अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नये. बिशप, फादर यांच्या नावांपुढची लांबलचक विशेषणे काढून टाका. आम्ही ती काढतोच, आणि त्या नादात कधी कधी मजकूरही कापला जातो. धर्माची परिभाषा पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत समजावा. पोपचे वाक्य उद्धृत केले तर ते कुठल्या भाषणातले, कोणत्या दिवशीचे, हे लिहा. आणि एखादी गोष्ट अडचणीची असेल, मशिदीसारखी किंवा पत्रक बदलल्यासारखी, तर ती टिपणात वगळू नका. ती आम्हांला वृत्तसंस्थेकडून मिळणारच असते. तुमच्याकडूनही मिळाली तर तुमच्या बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

कोणत्या दैनिकात कोणाशी बोलावे, हे इथे उघड लिहिणे बरे नाही. गंगथडीकर, आपण मला व्यक्तिगत निरोप पाठवा.